चंदेरी रंग दिला तरी टोप डब्ब्यासारखाच का दिसतो?

जानेवारीत शाळांची स्नेहसंमेलनं आणि 19 फेब्रुवारीला शिवजयंती. या दिवसांत अमरावती-अकोल्याच्या बाजारात प्लास्टिकच्या तलवारी, ढाली आणि शिरस्त्राणं दोऱ्यांना लटकलेली दिसतात. पोराला सैनिक करायचं म्हणून घरी एक टोप येतो. तो पाहिला की बापातला कारागीर जागा होतो. गेटला लावून उरलेला सिल्वर पेंट माळ्यावरून खाली उतरतो आणि टोपावर दोन हात मारले जातात. तो वाळला की पोरगं म्हणतं, "बाबा, हे तं डब्ब्यावानी दिसते!"

पोराचं काही चुकत नाही. टोप खरोखरच डब्ब्यासारखा दिसत असतो. लोखंडाचा रंग चंदेरी, आपण दिलेला रंगही चंदेरी, मग घोडं पेंड कुठे खातं? या प्रश्नाचं उत्तर नीट समजलं तर साध्या खेळण्यातल्या टोपाचं बऱ्यापैकी खरं वाटेल असं शिरस्त्राण घरच्या घरी करता येतं. सामानही किराणा, स्टेशनरी आणि हार्डवेअर या तीन दुकानांत मिळतं.

1. खरं शिरस्त्राण असतं कसं?

नक्कल करण्याआधी अस्सल काय ते पाहून घ्यावं. मराठा आणि मुघल काळातल्या हिंदुस्थानी शिरस्त्राणाचा मुख्य भाग म्हणजे लोखंडी पत्रा ठोकून केलेली वाटी. वर टोक. पुढच्या बाजूला तुरा खोवायला एक-दोन नळ्या. कपाळावर नाकपट्टी, आणि ती पक्की बसवलेली नसते: खोबणीतून वरखाली सरकते, हव्या त्या उंचीवर स्क्रूने किंवा आकड्याने अडकवतात. कडेपासून मानेवर आणि कानांवर बारीक कड्यांची लोखंडी जाळी लोंबते. श्रीमंत सरदाराचा टोप असेल तर पत्र्यावर सोन्याच्या तारेची वेलबुट्टी. मोठ्या संग्रहालयांच्या शस्त्रदालनात असे टोप पाहायला मिळतात. तिथे समोरून फोटो काढून भागत नाही. कड कशी वळवली आहे आणि जाळी कुठे टाचली आहे, हे बाजूने वाकून पाहायचं.

दोन गोष्टी इथेच सांगून टाकतो. सामान्य शिपायाच्या डोक्यावर बहुतेक वेळा पागोटंच असे. लोखंडी टोप ही पैशाची आणि हुद्द्याची गोष्ट होती. त्यामुळे नाटुकल्यातल्या वीसच्या वीस मावळ्यांना शिरस्त्राण घालण्याचा अट्टाहास नको, एकदोघांना पुरे. दुसरं, जिरेटोप हा कापडी. प्लास्टिकच्या जिरेटोपाला लोखंडी करायला जाऊ नका. त्यावर मखमल किंवा सुती कापड चिकटवलं की काम झालं. आणि बाजारात कधीकधी लाल ब्रशासारखा तुरा असलेला रोमन टोपच मावळ्याचा म्हणून खपवला जातो. तो घेतला असेल तर तुरा कापून टाका, वाटी कामाला येईल.

2. लोखंड डोळ्याला कळतं कसं?

उन्हात लाल प्लास्टिकची बादली आणि तांब्याचा लोटा शेजारी ठेवून पाहा. बादलीवर जिथे ऊन चमकतं तो ठिपका पांढरा असतो. बादली निळी घेतली तरी ठिपका पांढराच. लोट्यावरचा ठिपका मात्र तांबूस असतो. प्लास्टिकच्या पृष्ठभागावर पडलेल्या उजेडाचा अगदी थोडा भाग, समोरून पाहिलं तर शेकडा चारच्या आसपास, थेट परत फिरतो आणि त्याचा रंग बदलत नाही. बाकीचा उजेड आत शिरतो, रंगद्रव्याच्या कणांवर आपटत सगळ्या दिशांना विखरून बाहेर येतो. बादलीचा लाल रंग या विखुरलेल्या उजेडाचा असतो. धातूत असा आतून विखरून येणारा उजेड नसतो. धातूचं जे काही दिसतं ते सगळं वरवरून परतलेलं असतं.

याचा परिणाम मोठा आहे. धातूला स्वतःचा असा एकसारखा रंग दिसतच नाही, आजूबाजूचं जे असेल तेच त्याच्यात दिसतं. वर आकाश असेल तर टोपाचा माथा उजळ, खाली जमीन असेल तर कडेकडचा भाग काळपट, आणि मध्ये एकदम बदल. घासलेल्या लोखंडाच्या गोल वाटीवर काळं आणि उजळ यांचे पट्टे शेजारी-शेजारी असतात. आपण ब्रशने सगळीकडे सारखा चंदेरी रंग फासतो तेव्हा नेमकं हेच मरतं. अंधारी जागा उरत नाही. अंधारी जागा नसलेला धातू डोळ्याला पटत नाही.

आता गेटच्या त्या डब्याकडे येऊ. सिल्वर पेंटमध्ये चांदी नसते. त्यात ॲल्युमिनियमचे बारीक पापुद्रे असतात. घासूनपुसून लख्ख केलेलं ॲल्युमिनियम त्याच्यावर पडलेल्या उजेडापैकी शेकडा नव्वदच्या आसपास परत फेकतं. लोखंड तेवढंच लख्ख केलं तरी निम्म्याहून थोडासाच अधिक फेकतं, आणि युद्धातला टोप कोणी एवढा लख्ख ठेवत नसे. म्हणजे आपण लोखंडी वस्तूला ॲल्युमिनियमचं कातडं चढवलेलं असतं. पोराला डब्बा आठवला, कारण घरातले काही डबे ॲल्युमिनियमचे असतात. डोळा हिशेब मांडत नाही, पण फरक बरोबर ओळखतो.

यावरून पुढच्या सगळ्या कामाचं सूत्र हाती लागतं: सुरुवात काळ्यापासून करायची आणि उजेड जपून, जागा पाहून टाकायचा.

3. प्लास्टिक कोणतं ते पाण्याला विचारा

रंगाआधी एक अडचण सोडवायची असते. काही प्लास्टिकवर रंग धरतच नाही. पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलिन या मेणचट जातींवर रंगाची गत अळवावरच्या पाण्यासारखी होते. वाळल्यावर नखाने सालपट निघतं, आणि तेही मिरवणुकीच्या मधोमध. पॉलिस्टायरिन, एबीएस आणि पीव्हीसी या जातींवर रंग बसतो.

कोणती जात आहे हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. टोपाच्या आतल्या कडेचा नखाएवढा तुकडा कापा. पेलाभर पाण्यात साबणाचा एक थेंब टाका, म्हणजे तुकड्याला हवेचे बुडबुडे चिकटणार नाहीत. मग तुकडा बोटाने बुडवून सोडा.

तरंगला, तर पॉलिथिन किंवा पॉलिप्रॉपिलिन. दोन्ही पाण्यापेक्षा हलकी आहेत, एक घनसेंटिमीटरचं वजन साधारण 0.90 ते 0.97 ग्रॅम.

बुडाला, तर त्याच पाण्यात मीठ विरघळायचं थांबेपर्यंत घालत राहा. असं गच्च खारं पाणी साध्या पाण्यापेक्षा सुमारे वीस टक्के जड होतं. आता तुकडा वर आला तर तो पॉलिस्टायरिन किंवा एबीएस, कारण ही प्लास्टिकं पाण्याहून जेमतेम पाच टक्के जड. तरीही तळाशीच बसला तर पीव्हीसी, कडक पीव्हीसी 1.3 च्या वर असतं.

स्वस्त मालात खडूची पूड मिसळलेली असेल तर हा निकाल चुकू शकतो. म्हणून नखानेही ओरखडा काढून पाहावा. मेणबत्तीसारखा मऊ ओरखडा उठला तर पाणी काहीही म्हणो, ते मेणचट जातीचंच समजा.

मेणचट निघालं म्हणून टोप फेकायचा नाही. त्याला सोंगाच्या मुखवट्यांचा जुना उपाय करायचा. वर्तमानपत्राच्या बोटभर पट्ट्या, मैद्याची खळ, आणि चार-पाच थर. प्रत्येक पट्टी कडेवरून आत वळवायची. मग कागद प्लास्टिकला चिकटला नाही तरी टोपाला मिठी मारून बसतो. याचा एक फायदा असा, की कागदाची किंचित उंचसखल पाठ हातोडीने ठोकलेल्या पत्र्यासारखी दिसते. मला विचाराल तर चांगलं प्लास्टिक असलं तरी कागद लावावा. कारखान्यातल्या साच्याचा गुळगुळीतपणा दुसऱ्या कशानेही इतका चांगला जात नाही. पावसाळ्यात मात्र प्रत्येक थर वाळायला दिवस जातो. उलट मार्चनंतरच्या वऱ्हाडी उन्हात तो तासाभरात कडकडीत होतो.

बुडणाऱ्या जातींसाठी एक ताकीद. नेलपॉलिश काढायच्या द्रवात बहुधा ॲसिटोन असतं, आणि ते पॉलिस्टायरिन आणि एबीएस विरघळवतं. काही स्प्रे रंगांतला थिनरही पृष्ठभागाला बारीक तडे पाडतो. म्हणून पाण्यात कालवायचे ॲक्रिलिक रंग बरे, आणि कोणताही रंग आधी टोपाच्या आतल्या बाजूला लावून पाहावा. याच कारणाने मोटारसायकलच्या खऱ्या हेल्मेटवर हे प्रयोग अजिबात करू नयेत. थिनरने त्याचं कवच कमजोर होऊ शकतं आणि वरून ते कळतही नाही.

4. शिवण, कड आणि तुरीची डाळ

खेळण्याची चुगली तीन गोष्टी करतात. पहिली, मधून गेलेली साच्याची शिवण. ती पॉलिश पेपरने घासा, आधी खरखरीत, मग बारीक. दुसरी, पातळ धारदार कड. ठोकून केलेल्या टोपाची कड वळवलेली किंवा पट्टी बसवून जाड केलेली असते. एम-सीलची शेवईएवढी वळी करून कडेला दाबून बसवली की पत्र्याला जाडी आल्यासारखी वाटते. तिसरी, साच्यातच उमटलेले चपटे, अर्धवट रिबिटांचे ठसे.

रिबिटांसाठी आमच्याकडे उत्तम माल मिळतो. अकोला डाळमिलांचं गाव आहे. तुरीच्या डाळीचा दाणा एका बाजूने सपाट आणि दुसऱ्या बाजूने घुमटाकार असतो. रिबिटाचं डोकं हुबेहूब तसंच. पेन्सिलीने सारख्या अंतरावर खुणा करा, फेविकॉलचा थेंब टाका, सपाट बाजू खाली ठेवून चिमट्याने दाणा बसवा. दाणे निवडून एकसारखे घ्या, पण अगदी काटेकोर ओळ साधू नका. हाताने ठोकलेल्या रिबिटांच्या ओळीत थोडा उन्नीस-बीस असतोच. वरून फेविकॉलचा पातळ हात दिला की डाळीला कीड लागत नाही आणि रंगही सारखा बसतो.

नाकपट्टीला जाड पुठ्ठा किंवा जुन्या प्लास्टिकच्या पट्टीचा तुकडा चालतो. तुऱ्याच्या नळ्यांसाठी संपलेल्या बॉलपेनची नळी.

5. काळ्यावर पेन्सिल

आता सगळ्या टोपाला बिनचमकीचा काळा रंग द्या. पूर्ण, कानाकोपऱ्यात, रिबिटांच्या बुडाशीही. या टप्प्यावर घरातली माणसं हळहळतात. "काहून काया केला बाप्पा, चांगला चमकत होता ना!" ऐकून सोडून द्या.

काळा पक्का वाळला की 6बी किंवा 8बी पेन्सिलीचं टोक पॉलिश पेपरवर घासून चमचाभर पूड जमवा. कापसाच्या बोळ्याने किंवा बोटाने ती टोपावर चोळा. काळ्यातून हळूहळू थंड, करडी, जड अशी चकाकी वर येते. पहिल्यांदा हे पाहणारा माणूस टोप हातात घेऊन वजन करून पाहतो, इतकं ते लोखंडासारखं दिसतं.

असं का होतं? पेन्सिलीतलं शिसं हे शिसं नसून ग्राफाइट असतं, म्हणजे कार्बनच. त्याचे अणू पापुद्र्यांत रचलेले असतात आणि हे पापुद्रे एकमेकांवरून घसरतात. चोळलं की ते पृष्ठभागावर आडवे पसरतात आणि एखाद्या मंद आरशासारखे उजेड परत फेकतात. चकाकी मिळते, पण ॲल्युमिनियमएवढी भगभगीत नाही. शिवाय जिथे बोट पोचत नाही त्या खाचा काळ्याच राहतात. मागे म्हटलेली अंधारी जागा अशी आपोआप मिळते.

माथ्यावर आणि पुढच्या फुगीर भागावर जास्त चोळा, कडेजवळ कमी. आकाश वर असतं, जमीन खाली.

गेटचा सिल्वर पेंट लागतो तो आता, आणि नखभर. सपाट ब्रश त्यात बुडवून जुन्या वर्तमानपत्रावर पुसा, जवळजवळ कोरडा होईपर्यंत. मग तो फक्त उंचवट्यांवरून हलकेच फिरवा: रिबिटांची डोकी, नाकपट्टीच्या कडा, टोकाचं अग्र. ज्या जागा रोजच्या वापरात हाताने आणि कापडाने घासल्या जातील, तेवढ्याच चमकू द्यायच्या. कागदावर ब्रशचा डाग उमटत असेल तर तो अजून ओला आहे.

ग्राफाइट हाताला लागतं. वरून वॉर्निश मारलं तर ते टिकतं पण चकाकी थोडी मरते. पातळ एकच हात द्यावा. एका दिवसापुरता टोप असेल तर तोही देऊ नये.

6. गंज चढतो कुठे?

नवशिके इथे घसरतात. गंज दाखवायचा म्हणून सगळीकडे नारिंगी ठिपके मारतात आणि टोपाला गोवर आल्यासारखा दिसतो. गंजाला पाणी आणि हवा दोन्ही लागतात. म्हणून तो पाणी साचून राहतं तिथे चढतो: रिबिटांच्या बुडाशी, नाकपट्टीच्या खोबणीत, वळवलेल्या कडेच्या आत, जाळी टाचलेल्या जागी. माथ्यावरून पाणी वाहून जातं आणि तिथे फडकं फिरत राहतं, त्यामुळे माथा गंजत नाही. ओघळ असेल तर तो टोप डोक्यावर असताना खाली येईल तसाच हवा. टोप टेबलावर उलटा ठेवून रंगवणारे ओघळ कधीकधी वरच्या दिशेने काढतात!

गंजाचा रंग विकत आणू नका. तुळशीवृंदावनाला किंवा कुंड्यांना लावायचा गेरू घ्या. गेरूचा तांबडा रंग लोहाच्या ऑक्साइडचा असतो, आणि गंजही लोहाचं ऑक्साइडच. रासायनिक दृष्ट्या आपण खऱ्याच्या अगदी जवळ असतो. चिमूटभर गेरू, थोडा काळा रंग, पाणी आणि थेंबभर फेविकॉल असं पातळ कालवून खाचांत सोडा, आणि मिनिटभराने उंच भाग ओल्या फडक्याने पुसून घ्या. जे खाचांत राहील तेवढं पुरे. हात आखडता ठेवा.

किती गंज आणि किती धूळ, हे प्रसंगावर ठरवावं. समजा, शाळेच्या नाटकात गाविलगडाचा वेढा दाखवायचा आहे. चिखलदऱ्याजवळचा हा किल्ला इंग्रजांनी 15 डिसेंबर 1803 रोजी घेतला. त्याआधी 29 नोव्हेंबरला अकोला जिल्ह्यातल्या अडगावची लढाई झाली होती. म्हणजे पाऊस जाऊन बराच काळ लोटलेला, हवा कोरडी. इथल्या टोपावर ताजा नारिंगी गंज शोभणार नाही. जुना, काळपट तपकिरी थोडासा चालेल, पण धूळ भरपूर हवी. ती धूळही आपल्या भागातली. कोकणातली लाल माती इथे चालत नाही. वऱ्हाडातली काळी माती सुकून उडाली की तिची धूळ राखाडी-करडी दिसते. शेतातली मूठभर माती वाळवून वस्त्रगाळ करा आणि कोरड्या ब्रशने कडेवर आणि जाळीवर झटका. एवढी खरी धूळ कुठल्याही रंगाच्या दुकानात मिळत नाही.

7. सुतळीची जाळी

मानेवरची लोखंडी जाळी हा अवघड भाग वाटतो आणि सर्वांत सोपा निघतो. नाटक-सिनेमावाल्यांची ही जुनी युक्ती आहे: जाड दोरा विणायचा आणि त्याला धातूचा रंग द्यायचा. घरात क्रोशे येणारी आजी किंवा मावशी असेल तर तिला बारीक सुतळीचा वीतभर रुंद, सैल विणीचा पट्टा करून मागा. तो काळ्या रंगात बुडवून पिळा, वाळवा, वरून कोरड्या ब्रशने अगदी पुसटसा सिल्वर द्या. ग्राफाइट इथे चालत नाही, ते कपड्यांवर उतरतं.

खऱ्या जाळीची ओळख तिच्या लोंबण्यात असते. लोखंडाच्या कड्या वजनाने सरळ खाली ओढल्या जातात. सुतळी हलकी, ती फुगून उभी राहते. म्हणून पट्ट्याच्या खालच्या कडेत हार्डवेअरच्या दुकानातले छोटे नट ओवा. डोकं हललं की जाळी मागे राहून मग हलते.

8. पाहणारा किती लांब आहे?

एवढं सगळं प्रत्येक टोपाला करायची गरज नसते. निरोगी डोळ्याला साधारण दहा मीटरवरून तीन मिलिमीटरची वस्तू वेगळी ओळखू येते. त्याहून बारीक असेल तर ती शेजारच्या रंगात मिसळून जाते. अंतर दुप्पट झालं की ही मर्यादाही दुप्पट, वीस मीटरला सहा मिलिमीटर.

आता आपल्या डाळीला हा हिशेब लावू. तुरीचा दाणा पाच मिलिमीटर धरला तर तो सतरा मीटरपर्यंत जेमतेम दिसेल, तेही चांगल्या उजेडात. शाळेच्या पटांगणातली शेवटची रांग पंचवीस मीटरवर असेल तर रिबिटांवर घालवलेली संध्याकाळ त्या रांगेसाठी वाया गेली. रंगमंचासाठी हरभऱ्याची डाळ वापरावी, ती मोठी. नाकपट्टी रुंद करावी, काळ्या-उजळ पट्ट्यांतला फरक भडक ठेवावा, बारीक गंजाच्या भानगडीत पडू नये. मिरवणुकीत लोक दोन-तीन हातांवरून पाहतात आणि मोबाइलने जवळून फोटो घेतात. तिथे तूरडाळ, गेरू आणि वस्त्रगाळ माती यांचं चीज होतं.

मिरवणूक लांबली तर टोप दोन-तीन तास पोराच्या डोक्यावर राहतो. आतला भाग रंगवू नये, घामाने रंग सुटून कपाळाला लागतो. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण दहा लाख भागांत 90 भागांपेक्षा जास्त असू नये, असा नियम आपल्याकडे नोव्हेंबर 2017 पासून लागू आहे. माळ्यावरचा डबा त्याआधीचा असेल तर तो लहान मुलाच्या वस्तूसाठी वापरूच नये. आतून जुन्या सुती धोतराची दुहेरी घडी शिवून घ्यावी आणि माथ्याशी बोटभर मोकळी जागा सोडावी. टोकाखाली, बाहेरून दिसणार नाहीत अशी दोन-तीन भोकं पाडली की आतली गरम हवा वर निघून जाते.